पैसे भरून अंधारात बसायचं का? डिजिटल कुलूप आणि आपण



गेल्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या रविवारी, आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका मालिकेचे तीन भाग दाखवायचं ठरलं होतं. मालिकेचं नाव आणि ती ज्या अ‍ॅपवर आहे त्याचं नाव इथे घेत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. वर्गणी काढून वर्षभराचं सबस्क्रिप्शन भरलेलं होतं. प्रोजेक्टर एका निवृत्त गुरुजींनी दिलेला, जुन्या व्हीजीए केबलचा. पडदा म्हणून पांढरी चादर ताणली. पोरं, बाया, म्हातारी माणसं मिळून साठेक जण बसले. मालिका सुरू झाली. शीर्षकगीत ऐकू आलं, संवाद ऐकू आले, चादर मात्र काळीच. केबल काढून लावली, लॅपटॉप बंद करून सुरू केला, दुसरा लॅपटॉप आणला. आवाज आहे, चित्र नाही. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजीने विचारलं, "पैसे भरून अंधारात बसायचं का रे?"

तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "टेलिग्रामवर आहे. पाच मिनिटांत आणतो."

इथे वाद पेटला. आमच्यातले जुने कार्यकर्ते म्हणाले, कायदा मोडायचा नाही, आपण संविधान मानणारी माणसं आहोत. पोरं म्हणाली, पैसे भरलेत की! चोरी कसली? एकाने तर सांगितलं की कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतरचा, त्यांच्या नावावर तो खपवू नका. मुद्दा चलाख होता, पण तेवढ्याने वाद मिटत नव्हता. त्या रात्री मालिका दाखवली गेली नाही. साठ माणसं घरी गेली आणि आम्ही दहा जण रात्री एकपर्यंत भांडत बसलो. हा लेख त्या भांडणातून आला आहे, आणि त्यातल्या दोन्ही बाजूंना आम्ही पूर्ण पटणार नाही हे आधीच सांगून टाकतो.

आधी चादर काळी का राहिली ते समजून घेऊ. केबल बिघडली नव्हती. अ‍ॅपवरून येणारं चित्र कुलूपबंद असतं. त्याला डीआरएम म्हणतात, म्हणजे डिजिटल हक्क व्यवस्थापन. नावात 'हक्क' आहे, पण तो तुमचा नव्हे. गूगलचं वाइडवाइन, अ‍ॅपलचं फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी ही त्यातली मोठी कुलुपं. चित्र सांकेतिक रूपात येतं, किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून वेगळी येते, आणि तुमचं यंत्र भरवशाचं आहे असं वाटलं तरच ती उघडते. लॅपटॉपमधून टीव्हीकडे किंवा प्रोजेक्टरकडे जाणाऱ्या तारेवरही एचडीसीपी नावाचा पहारेकरी असतो. पलीकडचं यंत्र त्याला ओळख पटवू शकलं नाही तर चित्र बंद. व्हीजीएची जुनी तार ती ओळख पटवूच शकत नाही. म्हणून गुरुजींचा प्रोजेक्टर नापास झाला.

ओळख पटवा, मगच आत या. हे वाक्य आपल्या कानाला नवीन नाही.

आणि ही ओळख कोणाची पटते, कोणाची नाही, हेही बघा. वाइडवाइनच्या पायऱ्या असतात. महागड्या फोनमध्ये किल्ली चिपच्या आतल्या सुरक्षित कप्प्यात राहते, तो फोन पहिल्या पायरीवर. स्वस्त किंवा जुन्या फोनला अनेकदा खालची पायरी मिळते, आणि मग बहुतेक मोठ्या सेवा त्याला एचडी चित्र देतच नाहीत. पैसे सारखेच भरा, नेट सारखंच भरा, पण फोन स्वस्त म्हणून चित्र धूसर. लिनक्स टाकलेल्या जुन्या संगणकांवर, म्हणजे आपल्यासारख्या कित्येक अभ्यासिकांमध्ये असतात तशा संगणकांवर, हाच अनुभव येतो. दर्जा ठरवणारी उतरंड यंत्राच्या पोटात बसवलेली आहे आणि ती उतरंड खिशाच्या उतरंडीशी नेमकी जुळते. यात कोणी जात विचारत नाही, हे खरं. पण स्वस्त फोन कोणत्या वस्तीत जास्त आणि महागडे कोणत्या सोसायटीत जास्त, हे विचारायला जात काढावी लागत नाही.

आता जो टेलिग्रामवरून आणणार होता त्याच्याकडे वळू. त्याला मिळणारी फाइल स्वच्छ असते. ती कोणत्याही लॅपटॉपवर चालते, कोणत्याही प्रोजेक्टरवर दिसते, पेनड्राइव्हवर जाते, नेट नसलं तरी चालते. कारण कुलूप कुठेतरी कोणीतरी एकदा फोडलं की पुढच्या लाखो लोकांना ते पुन्हा फोडावं लागत नाही. १९९९ साली नॉर्वेत योन योहानसेन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमपायी जगभर गाजला. त्याच्यावर खटला झाला, तो २००३ मध्ये निर्दोष सुटला. तेव्हापासून आजपर्यंत लोकप्रिय मालिकेवरचं एकही कुलूप फार काळ टिकल्याचं आम्हाला माहीत नाही. म्हणजे कुलूप चोराला अडवत नाही. ते फक्त पैसे भरणाऱ्याला अडवतं. प्रामाणिक माणसाने पैसे देऊन अंधारात बसायचं आणि चोराने फुकटात स्पष्ट चित्र बघायचं, हा कुठला न्याय?

कंपन्यांना हे कळत नाही असं समजू नका. संगीताच्या बाबतीत त्यांनी ते कबूलही केलं. अ‍ॅपलच्या आयट्यून्स दुकानात गाणी कुलूपबंद मिळायची. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की या कुलुपांनी पायरसी थांबलेली नाही आणि कदाचित कधी थांबणारही नाही. २००९ मध्ये त्या दुकानातली गाणी कुलूपमुक्त झाली. संगीताचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. पण त्याच दुकानात २००५ पासून विकले जाणारे टीव्ही मालिकांचे भाग? त्यांचं कुलूप तसंच राहिलं. कारण मालिकेच्या कुलपाचं खरं काम चोर पकडणं हे नाहीच. ग्राहकाला दारात उभं ठेवणं हे त्याचं काम आहे. कोणत्या यंत्रावर बघायचं, किती पडद्यांवर बघायचं, कोणत्या देशात बघायचं, किती दिवस बघायचं आणि कधीपासून बघायचं नाही, हे सगळं ठरवण्याची चावी एका हातात ठेवायची, हा तो उद्योग.

'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबून तुम्ही काय घेता, याची दोनच उदाहरणं पुरे आहेत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून पैसे देऊन घेतलेली पुस्तकं परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असं कारण दिलं, पैसे परत केले, पुढे माफी मागितली. पुसलेलं पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'. विनोद आमचा नाही, त्यांचाच. आणि डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की तुम्ही विकत घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका वर्षअखेर तुमच्या संग्रहातून जातील. ओरड झाली, तेव्हा काही काळासाठी निर्णय मागे घेतला. काही काळासाठी! कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे, मालकी नव्हे, हे स्पष्ट सांगा. 'विकत घ्या' या शब्दांचा अर्थ सांगायला कायदा लागला.

आपल्याकडे तर मराठी मालिकेचा भाग विकत घ्यायची सोयच जवळपास नाही. वर्गणी भरा, आहे तोवर बघा. २०२३ च्या मार्चअखेर एचबीओच्या सगळ्या मालिका हॉटस्टारवरून एका रात्रीत गेल्या, तेव्हा इंग्रजी मालिका बघणारा वर्ग केवढा हळहळला होता. आम्हाला त्या मालिकांचं फारसं सोयरसुतक नाही. पण त्याच नियमाने उद्या आपल्या कामाची मालिका गेली तर?

आणि आपल्या कामाच्या मालिका आहेत. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. सागर देशमुख यांनी साकारलेले बाबासाहेब बघायला वस्त्यावस्त्यांत लोक टीव्हीसमोर बसत होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अँड टीव्हीवर हिंदीत 'एक महानायक' आली. या मालिकांबद्दल आमच्या तक्रारी आहेत. चरित्राचा चमत्कार करायची टीव्हीची खोड, राजकीय विचार पातळ करणं, शेवटाला घाई. त्यावर कधीतरी वेगळं लिहू. पण ज्या माध्यमाने अनेक दशकं आपल्याला कॅमेऱ्याबाहेर ठेवलं, त्यात बाबासाहेबांचं आयुष्य रोज रात्री घराघरांत दिसलं, ही गोष्ट लहान नाही. प्रश्न असा की वीस वर्षांनी, आज जन्मलेली मुलगी त्यावर प्रबंध लिहायला बसेल, तेव्हा ती हे भाग कुठे पाहणार आहे?

कायदा काय म्हणतो ते बघा. चित्रित कृतीवरचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे २०१९ मध्ये प्रसारित झालेले भाग १ जानेवारी २०८० रोजी सर्वांचे होतील. कागदावर. कुलपाला मात्र कॅलेंडर कळत नाही. हक्काची मुदत संपली म्हणून ते आपोआप उघडत नाही, आणि तोवर किल्ली देणारा सर्व्हर तरी राहणार आहे का? कायदा जनतेला वचन देतो की मुदत संपल्यावर ही कृती तुमची. त्या वचनाच्या बदल्यातच जनता ६० वर्षांची मक्तेदारी मान्य करते. कुलूप ती मक्तेदारी घेतं आणि वचन गिळतं.

याच्या उलट बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनाचं काय झालं ते आठवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं या हिशेबाने १ जानेवारी २०१७ पासून त्यांचं हयातीत प्रकाशित झालेलं लेखन सर्वांसाठी खुलं झालं. पण त्याही आधीपासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून काढलेले खंड आपल्यापर्यंत कसे पोचले? रांगा लावून, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर डोक्यावर वाहून नेऊन, झेरॉक्स काढून. खंड बाजारात मिळेनासे झाले तेव्हा पोरांनी पीडीएफ वाटले. इंग्रजी खंड तर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उघडे आहेत. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी 'जातिप्रथेचं विध्वंसन' पहिल्यांदा वाचलं ते कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून. त्या फाइलला कुलूप असतं, 'या यंत्रावर उघडण्यास परवानगी नाही' असं ती म्हणाली असती, तर आजची चळवळ काय वाचून उभी राहिली असती?

आता आपल्याच बाजूला दोन शब्द, आणि ते कडू आहेत.

'सगळं फुकट असावं' ही आमची मागणी नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी आपल्या शाहिरांच्या घरी जाऊन यावं. भीमगीतांच्या कॅसेटचा धंदा ऐंशी-नव्वदच्या दशकांत जोरात होता. जयंतीला गल्लोगल्ली तीच गाणी वाजत. ज्यांनी ती लिहिली, ज्यांनी घसा फोडून गायली, त्यातल्या कितीजणांच्या हातात काय पडलं? एकरकमी पाच-पन्नास रुपये आणि हार. गाणं कंपनीचं, नाव कंपनीचं, पुढचा सगळा पैसा कंपनीचा. कलावंताच्या श्रमाची चोरी ही आपल्या घरातली जखम आहे. म्हणून टेलिग्रामवरच्या फाइलला आम्ही क्रांती म्हणणार नाही. त्या चॅनेलवर जुगाराच्या जाहिराती चालवून पैसे कमावणारा माणूस काही आपला कॉम्रेड नाही.

पण शाहिराला लुटलं ते कॅसेट कॉपी करणाऱ्या पोराने, की सही घेणाऱ्या करारपत्राने? कुलूप असतं तर शाहिराला एक पैसा जास्त मिळाला असता का? ज्या दुरुस्तीने २०१२ मध्ये आपल्या कायद्यात डिजिटल कुलपाला संरक्षण आलं, त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना एक हक्क दिला: चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या पुढच्या वापराचा समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. कलावंताचं रक्षण म्हणतात ते हे. कुलपाचं कलम आणि वाट्याचं कलम शेजारी शेजारी आले. कुलपाची अंमलबजावणी प्रत्येक फोनमध्ये चोवीस तास आपोआप होते. वाट्याची अंमलबजावणी व्हायला मात्र कलावंताला कोर्टाची पायरी चढावी लागते. कोणाच्या हक्काला यंत्र मिळालं आणि कोणाच्या हक्काला फक्त कागद, हे लक्षात घ्या.

कागदावरचा हक्क आणि दारावरचं कुलूप. हे वाचताना तुम्हाला महाड आठवलं नसेल तर आम्हाला आश्चर्य वाटेल. मालिका म्हणजे पाणी नव्हे, चवदार तळ्याची आणि ओटीटीची तुलना आम्ही करत नाही. तसं करणं लाजिरवाणं ठरेल. आम्ही बोलतोय ते युक्तिवादाच्या पद्धतीबद्दल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला. हक्क पूर्ण होता, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला तो ओंजळीत घ्यावा लागला. आणि त्यानंतर सनातन्यांनी कोर्टात काय सांगितलं? तळं खाजगी मालकीचं आहे, आणि तुम्हाला बंदी ही पूर्वापार रूढी आहे. सार्वजनिक गोष्ट अडवायची असेल तर आधी ती खाजगी ठरवायची, ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे.

आणि बाबासाहेबांनी काय केलं? इथे पोरांनी थोडं थांबून ऐकावं. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. हजारो सत्याग्रही महाडात जमलेले होते. त्यांनी सत्याग्रह स्थगित केला आणि खटला लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातही त्यांनी हेच सांगितलं की सनदशीर मार्ग खुले असताना बेकायदा मार्गांना समर्थन नाही. त्या रात्री आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी याच भाषणाचा दाखला दिला होता आणि तो बरोबर होता. पण त्यातली अट विसरून कसं चालेल? सनदशीर मार्ग खुला असला पाहिजे. तो खुला आहे का, हे विचारण्याचं काम आपलं.

म्हणून आम्ही कायदा वाचायला घेतला. एका वकील मैत्रिणीने चार रविवार दिले.

पहिली गोष्ट तिने सांगितली ती आम्हाला आवडली नाही: घरगुती सबस्क्रिप्शनवर साठ माणसांना मालिका दाखवणं हे मुळात त्या अटींमध्ये बसतच नाही. केबल चालली असती तरी आपण चुकीच्या बाजूला होतो. ठीक आहे, मान्य. मग परवानगी मागू म्हणून आम्ही त्या अ‍ॅपच्या मदत विभागात गेलो. पैसे अडकले, पासवर्ड विसरला, जाहिराती का दिसतात, असे पर्याय होते. 'आमच्या वाचनालयात सामूहिक प्रदर्शन करायचं आहे, किती पैसे भरू' असा पर्यायच नाही. दोन मेल पाठवले, दोन्हींना उत्तर आलं की सबस्क्रिप्शन घेतल्याबद्दल धन्यवाद. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसासाठी खिडकीच नाही.

दुसरी गोष्ट. कलम ५२ मध्ये जनतेचे हक्क आहेत: खाजगी अभ्यास, समीक्षा, अध्यापन यासाठी न्याय्य वापर. शैक्षणिक संस्था आपल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, पालकांना चित्रपट दाखवू शकते. म्हणजे आश्रमशाळेच्या मास्तरांना मालिकेचा भाग वर्गात दाखवायचा कायदेशीर हक्क आहे. पण कुलूप कलम ५२ वाचत नाही. मास्तर आणि चोर त्याला सारखेच. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, असंही कलम आहे. अट इतकीच की ग्रंथालयाकडे मूळ बिगर-डिजिटल प्रत असावी. जी मालिका जन्मालाच डिजिटल आली, जिची डीव्हीडी कधी निघालीच नाही, तिची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणायची? हक्क आहे, पण तो पोचू शकेल अशी जागाच उरलेली नाही. अंधांसाठी सुलभ प्रत करण्याचा हक्क याच २०१२ च्या दुरुस्तीने दिला, आणि त्यासंबंधीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण ती प्रत करायची तर आधी कुलपाच्या आतलं मूळ हाती यायला हवं ना?

तिसरी गोष्ट मात्र आम्हाला अनपेक्षित होती आणि पोरांनी ती नीट समजून घ्यावी. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणं हाच गुन्हा केला, हेतू काहीही असो. तिथे शिक्षकांना, संशोधकांना दर तीन वर्षांनी सवलतीसाठी अर्ज करत बसावं लागतं. आपलं कलम ६५ अ तसं नाही. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने जे मना केलेलं नाही त्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही, असं त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. म्हणजे आपल्या संसदेने वाट ठेवली. मग लगेच तीत काटेही पेरले: दुसऱ्याला यात मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. आता सांगा, कुठला दुकानदार, कुठला संगणकवाला असलं रजिस्टर ठेवून मास्तरांना मदत करेल? कुलूप लावणाऱ्याला मात्र काहीच नोंद ठेवावी लागत नाही. न्याय्य वापरासाठी किल्ली द्या असं बंधन त्याच्यावर कुठेच नाही.

लढून मिळतं, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलंय. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर दावा ठोकला. पोरांना पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून देतो हा गुन्हा. विद्यार्थी स्वतः खटल्यात उतरले. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला, डिसेंबरात खंडपीठानेही अध्यापनासाठीच्या प्रती हा हक्क आहे हे उचलून धरलं, आणि पुढच्या मार्चमध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या पहिल्या पिढीच्या पोरांसाठी तो निकाल काय होता हे वेगळं सांगायला नको. पण लक्षात ठेवा, तिथे कागद होता. झेरॉक्स मशीनला एचडीसीपी नव्हतं. तोच धडा कुलूपबंद व्हिडिओच्या रूपात आला असता तर निकाल जिंकूनही पोरांच्या हातात काळी चादरच आली असती.

तर मागायचं काय? सगळ्यात आधी, जे आपल्या करातून बनलं त्याला कुलूप नको. राज्यसभा टीव्हीने २०१४ मध्ये श्याम बेनेगल यांच्याकडून 'संविधान' ही दहा भागांची मालिका करून घेतली. सचिन खेडेकर बाबासाहेब झाले आहेत. ती यूट्यूबवर कोणालाही बघता येते, आणि म्हणूनच ती शाळाशाळांत पोचली. त्या वाहिनीचं २०२१ मध्ये संसद टीव्हीत विलीनीकरण झालं, वाहिनी गेली, पण मालिका राहिली, कारण ती उघडी होती. दूरदर्शनच्या तळघरात काय काय पडलं असेल याचा विचार करा. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं स्वतःचं ओटीटी सुरू केलं. तिथे जे सरकारी पैशातून आलं आहे ते उतरवून घेता यावं, वाटता यावं, वाचनालयात दाखवता यावं. यात कोणत्या कंपनीचं नुकसान आहे? दुसरं, १९५४ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. मालिकांना असा नियम का नसावा? एक कुलूपमुक्त प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करा, मग ६० वर्षं खुशाल धंदा करा. आणि खाजगी कंपन्यांनी वाचनालयांसाठी, शाळांसाठी, विहारांसाठी परवडणारा सामूहिक परवाना काढावा. फुकट मागत नाही. मोबाइलपुरता स्वस्त प्लॅन काढायला नेटफ्लिक्सला २०१९ मध्ये जमलं, वस्तीपुरता प्लॅन काढायला कोणाला का जमू नये?

कलम ६५ अ मधला 'हेतू' हा शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून जपायला हवा. परदेशाशी व्यापार करार होतात तेव्हा असे शब्द गुपचूप गळतात.

टेलिग्रामवाल्या पोराने परवा विचारलं, "मग तोवर आम्ही काय करायचं?" त्याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. त्याच्याशी आमचं भांडण मिटलेलं नाही. तो म्हणतो दहा वर्षं कोण थांबणार. आम्ही त्याला प्रसार भारतीला टाकायच्या माहिती अधिकार अर्जाचा मसुदा दिला आहे: बाबासाहेबांवरचं आणि आंबेडकरी चळवळीवरचं कोणतं चित्रण संग्रहात आहे, ते कोणत्या स्वरूपात आहे, त्याच्या प्रती मिळण्याची पद्धत काय. शिव्या देत का होईना, त्याने तो टाइप केला, आणि दोन प्रश्न स्वतःचे वाढवले.

येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेत 'संविधान'चा पहिला भाग आहे. प्रोजेक्टर गुरुजींचाच. चादर धुतली आहे. येताना बसायला काहीतरी आणा, सतरंज्या कमी पडतात.